स्कझीची साखळी आणि डॅटच्या टेपा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की नव्वदच्या दशकात सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या युनिक्स वर्कस्टेशनला (युनिक्सवर चालणारा ताकदवान संगणक) बाहेरून जोडायची जी डॅट ड्राइव्ह (डॅट म्हणजे आवाज आकड्यांत साठवणारी छोटी टेप कॅसेट) मिळायची ती बॅकअपच्या टेपा तर वाचायचीच, पण गाण्याच्या, भाषणाच्या, म्हणजे साध्या ऑडिओ डॅटच्या टेपाही थेट स्कझीवरून (डिस्क, टेप अशी उपकरणं संगणकाला जोडायची त्या काळची तार) वाचायची. ज्यांच्या घरात अशा टेपा पडून आहेत त्यांनी आता थांबू नये, असंही लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून बऱ्याच जणांच्या कामाला येतील असे प्रश्न निवडलेत.

पुण्याहून एक वाचक: सर, मी सिलिकॉन ग्राफिक्सचं इंडी घेतलंय, चालू अवस्थेत आहे. डॅट ड्राइव्हची बाहेरची पेटी दुसऱ्या एका विक्रेत्याकडून मागवली, पेटीच्या मागे आयडीचा आकडा फिरवायचं बटण आहे त्यावर ४ लावलं. पण केबल लावली की मशीन बूटच होत नाही, केबल काढली की लगेच होतं. ड्राइव्ह गेलीय का?

उत्तर: दादा, ड्राइव्ह गेली असं इतक्यात म्हणू नका, तुम्ही जे लक्षण सांगताय ते मी स्वतः दोन दिवस भोगलंय म्हणून आधी तेच तपासायला सांगतो. स्कझीच्या एका तारेवर ० ते ७ असे आठ आयडी, म्हणजे उपकरणांचे नंबर, असतात आणि त्यातला एक कंट्रोलरचा, म्हणजे संगणकातल्या स्कझी सांभाळणाऱ्या चिपचा, स्वतःचा असतो. आपल्यापैकी बहुतेक जण पीसीवर शिकलेत त्यामुळे कंट्रोलर ७ वर असतो हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, सन कंपनीच्या मशिनांवरही तो ७ वरच असतो, पण सिलिकॉन ग्राफिक्सवाल्यांनी कंट्रोलर ० वर ठेवलाय आणि सिस्टमची डिस्क १ वर. म्हणजे पीसीवर बिनधास्त चालणारी ० आयडीची ड्राइव्ह इथे लावली की ती थेट कंट्रोलरच्याच आयडीवर बसते आणि सगळी बस, म्हणजे ती सगळ्यांची सामायिक तार, अडकते.

आता तुम्ही म्हणाल मी तर ४ लावलंय. तुम्ही पेटीवर लावलंय, ड्राइव्हवर नाही! पेटीच्या मागच्या बटणापासून आत ड्राइव्हच्या पिनांपर्यंत एक बारीक वायर जाते, ती प्रवासात निघते किंवा विक्रेत्याने ड्राइव्ह बदलताना लावलेलीच नसते. मग ड्राइव्हवर एकही पिन जोडलेली नाही म्हणजे आयडी शून्य. माझ्या पेटीत अगदी हेच झालं होतं. पेटी उघडा, ड्राइव्हच्या मागे आयडीच्या पिनांच्या तीन जोड्या असतील, त्यांची किंमत १, २ आणि ४, जी जोडी जंपरने (दोन पिनांवर बसवायची छोटी टोपी) जोडाल त्यांची बेरीज म्हणजे आयडी. वायर सापडली तर नीट बसवा, आणि वायर बसवली तर जंपर काढून टाका कारण दोन्ही ठेवलं तर आकडे एकमेकांत मिसळतात, बटणावर दिसतं एक आणि खरं असतं दुसरंच. वायर नसेलच तर फक्त ४ वाली जोडी जंपरने जोडा आणि पेटीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

पेटी उघडलीच आहे तर पॉवर सप्लाय पण बघा. अमेरिकेतून आलेल्या पेट्यांवर ११५ आणि २३० व्होल्टचं छोटं लाल बटण असतं, ते ११५ वर असताना आपल्याकडच्या सॉकेटला लावलं तर सप्लाय जळतो. काही पेट्यांना बटणच नसतं, त्यांच्या लेबलवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

आणि चालू मशीनला स्कझीची केबल लावणं-काढणं अजिबात नको. यूएसबीची सवय झालीय आपल्याला, पण इथे तारेच्या टोकाला लावतात त्या टर्मिनेटरला जी पॉवर जाते तिचा फ्यूज उडतो, आणि तो उडाला की पुढे महिनाभर कळत नाही बिघाड कुठे आहे. सगळं बंद करून केबल लावा, मग आधी ड्राइव्ह चालू करा, तिचे दिवे शांत होऊ द्या, आणि मग इंडी चालू करा. बूट होण्याआधी एस्केप दाबून मेंटेनन्सच्या मेनूत जा, तिथे कमांड मॉनिटर घ्या आणि एच-आय-एन-व्ही (हिन्व) ही चार अक्षरं टाइप करा. हार्डवेअरची यादी येते. त्यात टेप ड्राइव्ह, युनिट ४, कंट्रोलर ०, डॅट अशी ओळ दिसली की तुमचं निम्मं काम झालं. इथे दिसत नसेल तर पुढे आयरिक्समध्ये (सिलिकॉन ग्राफिक्सचं युनिक्स) जाऊन काही उपयोग नाही, परत केबलकडे या.

आयरिक्समध्ये डिव्हाइसचं नाव वाचायला शिका, सोपं आहे. टीपीएस शून्य डी चार म्हणजे टेप, शून्य नंबरचा कंट्रोलर, आयडी ४. मागे एनआर लागलं तर काम झाल्यावर टेप आपोआप गुंडाळली जात नाही. आयरिक्स ६.५ असेल तर ही नावं बूट होताना आपोआप तयार होतात, जुन्या ५.३ वर डेव्ह फोल्डरमध्ये जाऊन मेकडेव्ह चालवावं लागतं. बऱ्याच जणांना हिन्वमध्ये ड्राइव्ह दिसते पण प्रोग्रॅम म्हणतो ड्राइव्ह नाही, त्याचं कारण हेच असतं की नाव तयारच झालेलं नसतं, किंवा तयार झालंय पण परवानगी फक्त रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य वापरकर्त्याला, आहे.

कोल्हापूरहून एक वाचक: माझी ड्राइव्ह हिन्वमध्ये दिसते, टेप आत-बाहेर होते, पण वाचायला लागलं की दोन-तीन मिनिटांनी स्कझी बस रिसेट असा मेसेज येतो आणि सगळं थांबतं. तीन वेगवेगळ्या टेपा लावून बघितल्या. एका दुकानदाराने सांगितलं हेड गेलंय, नवीन ड्राइव्ह घ्या.

उत्तर: हेड गेलं तर वाचण्याच्या चुका येतील, बस रिसेट होणार नाही. हा फरक लक्षात ठेवला तर पैसे वाचतील. बस रिसेट म्हणजे तारेवर गडबड आहे, आणि नाव दिसतंय पण वाचताना कोसळतंय याला कारण आहे. आदेश देणं, ड्राइव्हने उत्तर देणं हे सगळं स्कझीवर सावकाश चालतं, प्रत्येक बाइटला तू पाठव, मला मिळालं, असं. पण खरा डेटा वाहायला लागला की दोघं मिळून वेग ठरवतात आणि मग भराभर पाठवत सुटतात. तारेत थोडा दोष असेल तर सावकाश बोलण्यात तो लपतो आणि वेगात उघडा पडतो.

दोष शक्यतो तीन जागी असतो. पहिली जागा टर्मिनेटर. स्कझीची तार दोन्ही टोकांना बंद करावी लागते नाहीतर सिग्नल टोकाला आपटून परत येतो आणि पुढच्या सिग्नलमध्ये घुसतो, आडातून बोललं की आपलाच आवाज घुमून परत येतो आणि पुढचा शब्द कळत नाही तसं. दोन टोकं म्हणजे दोनच, मधे कुठे नको. तुमच्या पेटीत दोन ड्राइव्ह असतील तर बहुतेक आतल्या ड्राइव्हवर सुद्धा टर्मिनेशनचा जंपर चालू असेल आणि बाहेर तुम्ही पण टर्मिनेटर लावला असेल, मग एका टोकाला दोन झाले. टर्मिनेटर घेताना ॲक्टिव्ह प्रकारचा घ्या. जुने पॅसिव्हवाले २२० आणि ३३० ओहमच्या जोडीचे असतात आणि ते सरळ टर्मिनेटर पॉवरवर अवलंबून, ती पॉवर जरा हलली की सिग्नलची पातळी पण हलते. ॲक्टिव्हमध्ये आत रेग्युलेटर असतो आणि ११० ओहम, तो पातळी धरून ठेवतो. किमतीत फार फरक नाही, परिणामात आहे.

दुसरी जागा लांबी. साध्या स्कझीला ६ मीटर चालतात पण फास्ट स्कझीला फक्त ३, आणि यात मशीनच्या आतली रिबन, पेटीतली रिबन सगळं मोजायचं. इंडीत आतली डिस्क आणि बाहेरचा पोर्ट एकाच तारेवर आहेत, त्यामुळे बाहेर २ मीटरची केबल लावली आणि पेटीत अजून अर्धा मीटर रिबन असली की आपण सीमेवर पोचलो. १ मीटरची चांगली जाड केबल लावा. आणि तिसरी जागा म्हणजे कन्व्हर्टर, ६८ पिनांचं ५० करा, ५० पिनांचं सेंट्रॉनिक्स करा, त्याचं अजून २५ करा अशी जी माळ आपण लावतो ती. दोन टोकांना बरोबर कनेक्टर असलेली एकच केबल शोधायला आठवडा लागला तरी शोधा, मला तरी याहून मोठा फरक दुसऱ्या कशाने पडलेला दिसला नाही.

नागपूरहून एक वाचक: आमच्या कॉलेजच्या भंगारातून मला सनचं स्पार्कस्टेशन २० मिळालं, त्यावर सोलारिस (सनचं युनिक्स) आहे. सिलिकॉन ग्राफिक्सवाली, आर्काइव्ह कंपनीची पायथन डॅट ड्राइव्ह याला चालेल का, आणि जोडायची कशी?

उत्तर: जोडता येईल, बॅकअपच्या टेपा वाचता येतील, ऑडिओचं मात्र वेगळं आहे, ते शेवटी सांगतो. सनवर आयडीची पद्धत ठरलेली आहे: पहिली डिस्क ३ वर, सीडी ६ वर, टेप ४ वर आणि दुसरी टेप ५ वर. डिस्क ३ वर का हा प्रश्न सगळ्यांना पडतो, जुन्या सनओएस ४ च्या कर्नलमध्ये ३ नंबरच्या टार्गेटला, म्हणजे त्या आयडीच्या उपकरणाला, एसडी शून्य असं नाव दिलेलं होतं आणि तीच चाल पुढे राहिली. तुम्ही टेप ४ वर ठेवा म्हणजे कुठे भांडण नाही.

मशीन चालू करताना स्टॉप आणि ए एकत्र दाबून ओके प्रॉम्प्टवर या आणि प्रोब-स्कझी हा आदेश द्या. प्रत्येक टार्गेटवर काय आहे ते कंपनीच्या नावासकट दिसतं. सोलारिस पूर्ण चालू झाल्यावर मधेच स्टॉप-ए दाबून प्रोब करू नका, मशीन अडकू शकतं, ताजं चालू करूनच करा. ड्राइव्ह दिसली की बूट डॅश आर द्या, म्हणजे सोलारिस नवीन हार्डवेअर शोधून आरएमटी फोल्डरमध्ये शून्य नंबरचं नाव तयार करेल. ड्राइव्ह ओळखीची नसेल तर एसटी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये तिची ओळख घालावी लागते, आणि तिथे एक गोष्ट हमखास चुकते. कंपनीचं नाव स्कझीत बरोबर आठ अक्षरांचं धरतात, आर्काइव्हची इंग्रजीत सात होतात म्हणून एक मोकळी जागा सोडूनच पुढे मॉडेलचं नाव लिहायचं. ती एक स्पेस सुटली तर ओळ दिसायला अगदी बरोबर आणि काम शून्य, लोक अख्खी रात्र घालवतात.

कोल्हापूरच्या वाचकांसारखा बस रिसेटचा त्रास सनवर झाला तर एक सोय आहे, ईटीसी सिस्टम फाइलमध्ये स्कझी ऑप्शन्सची किंमत शून्य एक्स ५८ ठेवली की वेगात पाठवण्याची बोलणीच बंद होतात, सगळं सावकाश चालतं. डॅटला तसाही वेग लागत नाही. पण डिस्कही सावकाश होते, म्हणून काम झाल्यावर ओळ काढून टाका, आणि केबल सुधारण्याऐवजी हीच ओळ कायमची ठेवणं मला पटत नाही.

आता ऑडिओ. सोलारिसच्या टेप ड्रायव्हरला ऑडिओ टेप ही कल्पनाच नाही. ड्राइव्हला ऑडिओ मोडमध्ये टाकायला थेट स्कझीचे कच्चे आदेश पाठवावे लागतात, त्याची सोय सोलारिसमध्ये आहे पण प्रोग्रॅम तुम्हाला लिहावा लागेल. तुम्हाला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल आणि हौस असेल तर जरूर करा, नाहीतर तीच ड्राइव्ह लिनक्सला लावा.

नाशिकहून एक वाचक: माझ्याकडे ऑफिसमधली जुनी डीडीएस-२ बॅकअप ड्राइव्ह आहे, कॅसेट तर दिसायला सेम आहे. मग ऑडिओची टेप टाकली की बाहेर का फेकते?

उत्तर: कॅसेट एकच, हे खरंय. सोनीने १९८७ मध्ये डॅट आणलं ते आवाजासाठी, आणि १९८९ मध्ये एचपी आणि सोनीने त्याच ४ मिलिमीटरच्या टेपवर संगणकाचा डेटा ठेवायची पद्धत बसवली, तिचं नाव डीडीएस. पण आवाजात एखादा नमुना हरवला तर आजूबाजूचे बघून अंदाजाने भरता येतो, पगारपत्रकात एखादा आकडा अंदाजाने भरता येत नाही, त्यामुळे डेटासाठी चुका दुरुस्त करायचा अजून एक थर घातला आणि टेपेवरची मांडणी बदलली. तुमच्या ड्राइव्हला ती मांडणी सापडत नाही, म्हणून ती टेपेला नापास करते.

सिलिकॉन ग्राफिक्सने आपल्या ड्राइव्हमध्ये वेगळं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम) घालून घेतलं होतं, त्यात ऑडिओची मांडणी वाचायची सोय आहे. आर्काइव्ह कंपनी पुढे कॉनरकडे गेली आणि १९९६ मध्ये कॉनर सीगेटकडे, त्यामुळे त्याच घराण्याच्या ड्राइव्ह तीन नावांनी सापडतात, सोनीच्या एसडीटी ९००० च्याही काही ड्राइव्हमध्ये असं फर्मवेअर आहे. म्हणून विकत घेताना फक्त मॉडेल नंबर बघून पैसे देऊ नका, विक्रेत्याला फर्मवेअरची आवृत्ती विचारा आणि ऑडिओ टेप वाचून दाखवलेला व्हिडिओ मागा. देत नसेल तर सोडून द्या.

तशी ड्राइव्ह मिळालीच नाही तर दुसरा रस्ता आहे. चालू अवस्थेतला ऑडिओ डॅट डेक शोधा आणि त्याच्या डिजिटल आऊटमधून घ्या. त्या काळी याच कामासाठी डॅट-लिंक नावाची पेटी मिळायची, एका बाजूला डॅट डेकची डिजिटल केबल आणि दुसऱ्या बाजूला स्कझीवरून युनिक्स वर्कस्टेशन, म्हणजे मशीनला चांगलं साउंडकार्ड नसलं तरी चालायचं. स्पार्कस्टेशन १ ला तर फक्त टेलिफोनच्या दर्जाचा ८ किलोहर्ट्झचा आवाज होता, तिथे अशी पेटी म्हणजे मोठीच सोय. आज साधा यूएसबीचा डिजिटल इनवाला इंटरफेस ते काम करतो. डेकवरून २ तासांची टेप घ्यायला २ तास बसावं लागतं आणि टेपेवर लपलेली रेकॉर्डिंगची तारीख-वेळ हाती लागत नाही, एवढं नुकसान धरून चाला.

ठाण्याहून एक वाचक: यूएसबी ते स्कझी अडॅप्टर लावून लॅपटॉपवर होईल का?

उत्तर: मी सुचवणार नाही. ते अडॅप्टर डिस्क आणि स्कॅनर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले, टेप ड्राइव्हचे खास आदेश त्यातून नीट जातीलच याची खात्री नाही. जुना पीसीआय स्लॉटवाला पीसी घ्या, ॲडॅप्टेकचं २९४० कार्ड घाला, लिनक्स त्याला न सांगता ओळखतं. पीसी नवा असेल तर पीसीआय एक्सप्रेसची अल्ट्रा ३२० कार्डं मिळतात, ती एलव्हीडी, म्हणजे कमी व्होल्टेजच्या नव्या प्रकारची असतात आणि तारेवर जुनी सिंगल-एंडेड ड्राइव्ह दिसली की स्वतःहून जुन्या पद्धतीवर येतात. फक्त एचव्हीडी, म्हणजे जुनं हाय व्होल्टेज डिफरन्शिअल असं लिहिलेलं काहीही या तारेला लावू नका, कनेक्टर बसतो आणि आतलं जळतं.

न्यू जर्सीहून एक वाचक: नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा. माझ्याकडे कुर्झवाइल के२००० सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं वाद्य) आहे, स्कझीवाला. लिनक्स मशीनला जोडला, यादीत नाव येतं पण डिस्क म्हणून दिसत नाही. तबल्याचे सॅम्पल पाठवायचे आहेत.

उत्तर: दिसणारच नाही, कारण तो डिस्क नाहीच! स्कझीत प्रत्येक उपकरण आपली जात सांगतं: डिस्क ०, टेप १, सीडी ५, आणि सॅम्पलरसारखी उपकरणं ३ सांगतात, म्हणजे प्रोसेसर. डिस्क आणि टेपला लिनक्समध्ये तयार ड्रायव्हर आहेत, ३ ला नाही. पण एसजी नावाचा जेनेरिक ड्रायव्हर सगळ्यांनाच मिळतो, डेव्ह एसजी शून्य, एक, दोन असे, त्यातून कुठलाही प्रोग्रॅम थेट आदेश पाठवू शकतो. तुमच्या सॅम्पलरला एसएमडीआय समजतं, ती पीव्ही कंपनीने काढलेली सॅम्पल स्कझीवरून पाठवायची पद्धत आहे, तेव्हा एसएमडीआय बोलणारा प्रोग्रॅम घ्या आणि त्याला बरोबर एसजी नंबर द्या. मिडीवरून (वाद्यं एकमेकांना जोडायची संथ केबल) तेच सॅम्पल पाठवायला जिथे तुम्ही चहा पिऊन याल तिथे हे डोळ्यासमोर होतं. अकाईच्या सॅम्पलरची भाषा वेगळी आहे, त्यांना हा प्रोग्रॅम चालणार नाही, मित्राला सांगताना लक्षात ठेवा.

एक काळजी घ्या. सॅम्पलर नुसता ऐकणारा नाही, तो स्वतःही स्कझीवर आदेश देतो, म्हणजे एका तारेवर दोन मालक झाले. लिनक्सची चालू डिस्क त्याच तारेवर ठेवू नका आणि सॅम्पलरवरून चुकूनही फॉरमॅटचा मेनू उघडू नका, तो तुमच्या डिस्कलाही आपलीच समजेल. वेगळं कार्ड, त्यावर फक्त सॅम्पलर, हे बरं.

रत्नागिरीहून एक वाचक: सर, माझ्या वडिलांनी १९९६ ते २००१ या काळात गावोगाव फिरून नमन, कीर्तनं, जाखडीची गाणी डॅट वॉकमनवर रेकॉर्ड केली होती. वडील आता नाहीत. १७ टेपा आहेत, काहींना आत पांढरं काहीतरी दिसतंय. भाच्याच्या मित्राकडे आयरिक्सवर चालणारं ओ२ मशीन आणि ऑडिओ वाचणारी ड्राइव्ह आहे, तो द्यायला तयार आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ज्यांचा आवाज या टेपांत आहे त्यातली बरीच माणसं आज नसतील, आणि या गाण्यांच्या दुसऱ्या प्रती कुठे असतील असं मला वाटत नाही, म्हणून घाई करू नका पण उशीरही करू नका.

ते पांढरं म्हणजे बहुतेक बुरशी. कोकणातली दमट हवा आणि बंद कपाट, दुसरं काय होणार. बुरशीची टेप ड्राइव्हमध्ये अजिबात टाकायची नाही. डॅटमध्ये आतलं ड्रम मिनिटाला २००० फेऱ्या मारतं आणि टेपेवरचा एकेक ट्रॅक जेमतेम साडेतेरा मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक, त्यात बुरशीचा कण अडकला तर ती टेप जाईलच पण हेड घाण होऊन पुढच्या चांगल्या टेपाही बिघडवेल. आधी १७ च्या १७ उजेडात बघा, काचेच्या खिडकीतून टेपेची गुंडाळी दिसते. ज्यांना डाग आहेत त्या वेगळ्या डब्यात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. त्यांचं नंतर, टेप साफ करणाऱ्या जाणकाराकडून. स्पिरिट लावून घरी पुसायला जाऊ नका.

स्वच्छ टेपांपासून सुरुवात करा, आणि त्यातही सगळ्यात कमी महत्त्वाची पहिली. ड्राइव्ह आणि टेप एकाच खोलीत काही तास राहू द्या, एसीतून काढून लगेच लावली तर ड्रमवर दव धरतं आणि टेप चिकटते. डीडीएसची क्लीनिंग कॅसेट आधी एकदा फिरवा. लगेच वाचायला न लागता टेप पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं एका ताणात बसलेली असते ती मोकळी होते.

ओ२ वर आतली आणि बाहेरची स्कझी वेगवेगळ्या आहेत, बाहेरची कंट्रोलर १, म्हणून डिव्हाइसचं नाव टीपीएस एक पासून सुरू होईल, शून्य शोधत बसू नका. बाहेरचा पोर्ट ६८ पिनांचा आहे, ड्राइव्ह ५० पिनांची, तेव्हा केबल तशीच घ्या आणि ६८ मधल्या जास्तीच्या पिनाही टर्मिनेट होतील असं बघा. मग डॅटमॅन उघडा. आयरिक्सबरोबरच येतो, दिसायला टेपरेकॉर्डरसारखा, टेप वाजवतो पण आणि एआयएफएफ प्रकारची आवाजाची फाइल करून ठेवतो पण. डॅटमॅन ड्राइव्ह व्यस्त आहे असं म्हणाला तर मीडियाडी नावाचा प्रोग्रॅम ती धरून बसलेला असू शकतो, तो थांबवा.

जागा किती लागेल ते आधी मोजा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला १,९२,००० बाइट, तासाला ६९१ एमबी, २ तासांच्या टेपेला साधारण १.४ जीबी. वॉकमनवर वडिलांनी टेप वाचवायला एलपी मोड वापरला असेल तर ती ३२ किलोहर्ट्झची १२ बिटवाली आहे, त्यात एका टेपेवर दुप्पट वेळ बसतो, पण तिचे आकडे सरळ नसतात, उलगडावे लागतात. अशी टेप घाईने साध्या पद्धतीने काढली तर आवाज फाटका येतो आणि वाटतं टेप खराब झाली. टेप खराब नसते, फाइल चुकीची काढलेली असते.

शक्य असेल तर नुसता आवाज न काढता टेपेवरच्या पूर्ण फ्रेम काढून ठेवा. डॅटची एक फ्रेम ३० मिलिसेकंदांची, त्यात ५७६० बाइट आवाजाचे आणि वर ६२ बाइट इतर माहितीचे, मिळून ५८२२. त्या ६२ बाइटांत टेपेवरची वेळ असते, गाणं कुठे सुरू झालं त्याची खूण असते, आणि वॉकमनचं घड्याळ लावलेलं असेल तर रेकॉर्डिंगची तारीख आणि तास-मिनिटं पण असतात. म्हणजे कुठल्या गावचं नमन कुठल्या रात्री झालं हे वडिलांनी लिहून ठेवलं नसलं तरी टेपेने लिहून ठेवलेलं असू शकतं! लिनक्सवर रीड-डॅट हा छोटा प्रोग्रॅम अशा फ्रेम काढतो.

प्रत्येक टेप दोनदा वाचा आणि दोन्ही फाइली ताडून बघा. सुरुवात थोडी मागेपुढे होते, म्हणून फाइली सरळ न ताडता फ्रेममधली वेळ जुळवून ताडा. दोन्हींत सगळं सारखं आलं तर ती टेप झाली असं समजा. जिथे फरक येईल तेवढाच भाग ड्राइव्ह साफ करून तिसऱ्यांदा वाचा. हे कंटाळवाणं आहे, १७ टेपांना दोन-तीन आठवडे जातील, पण ड्राइव्हचं हेड अजून किती चालेल ते कुणाच्या हातात नाही, सोनीने ऑडिओ डॅट रेकॉर्डर बनवणं २००५ मध्येच थांबवलं, त्यामुळे नवीन काही येणार नाही.

आणि टेपा भाच्याकडे द्यायच्या आधी प्रत्येक कॅसेटच्या डबीतल्या कागदाचा, पाठपोट, फोटो काढून ठेवा. वडिलांनी पेन्सिलने गावाचं नाव, खेळ्यांची नावं, मृदंग कुणाचा, असं काही लिहिलं असेल तर ते आत्ताच गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा, त्यांना ओळख पटेल. बुरशीच्या टेपांचं काय झालं ते मला नक्की कळवा, त्या कशा साफ करतात यावर लिहायचं आहेच, तुमच्या टेपांपासूनच सुरुवात करू.